फक्कीवरचं पाणी

बहारीनमध्ये काय करतोस असं कुणी विचारलं, तर विठ्ठल नुसतं 'ड्रायव्हर' सांगून गप्प बसत नसे. "जपानी शाळेत ड्रायव्हर हाय, आणि तिथलं मैदान मी आखतो," असं तो सांगायचा. मैदान आखणं हा काही धंदा नव्हे, वर्षातून एकदाचं काम ते. पण कुणाचा जीव कशात अडकेल याला धरबंध नसतो.

विठ्ठल मूळचा संगमेश्वराकडचा. गावात कबड्डीचा संघ होता आणि त्या संघात शिरायला विठ्ठलने तीन वर्षं जीव टाकला. पण चढाईला गेला की पहिल्याच पकडीत गडी मातीत. शेवटी संघाने त्याच्या हातात फक्कीचं घमेलं दिलं आणि सांगितलं, तू आपला मैदान आख. फक्की म्हणजे मैदानावर रेघा ओढायची पांढरी भुकटी. विठ्ठलच्या चिमटीतून ती अशी सरळ पडायची की शेजारच्या गावांहून बोलावणी येऊ लागली. खेळाडू नाही तर नाही, मैदान तरी आपलं, अशी त्याने मनाची समजूत घातली. पुढे तो बहारीनला आला, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात चार वर्षं खोकी उचलली, लायसन्स काढलं आणि जपानी शाळेच्या व्हॅनवर लागला. बायको विशाखा गावी, दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी. तो स्वतः माहूजला एका इमारतीच्या मागच्या खोलीत राहायचा.

शाळा चिमुकली होती. मुलं उणीपुरी पंचवीस, आणि मास्तर जपानहून यायचे ते दोन-तीन वर्षं राहून परत जायचे. या शाळेचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे उंदोकाई, त्यांचा क्रीडादिन. आपल्याकडे क्रीडादिनाला दहा चपळ पोरं धावतात आणि बाकीची उन्हात बसून टाळ्या वाजवतात. यांच्यात एकही पोर बसून राहत नाही. अर्धी लाल संघात, अर्धी पांढऱ्या. टोपी सगळ्यांची एकच, एका बाजूने लाल आणि उलटली की पांढरी. तालीम तीन आठवडे चालते. धावण्याची तालीम समजण्यासारखी आहे, पण हे लोक रांगेत मैदानावर येण्याची तालीम करतात, वाकून नमस्कार करण्याची करतात, हरल्यावर कुठे उभं राहायचं त्याचीही करतात. आणि सगळं कागदावर. नऊ वाजून बारा मिनिटांनी टोपलीत चेंडू टाकायचा खेळ, तर नऊ वाजून आठ मिनिटांनी टोपलीचा खांब कोण उचलणार, त्याची नावं लिहिलेली असतात.

पहिल्या वर्षी विठ्ठल नुसता बघत होता. मास्तर मंडळी चाकं लावलेल्या डब्यातून फक्की सोडत धावपट्टी आखत होती आणि ती अशी वाकडीतिकडी जात होती की विठ्ठलला बघवेना. त्याने सुतळी मागितली, दोन खिळे ठोकले, दोन्ही टोकांना अर्धगोल फिरवले आणि दोन तासांत चार पट्ट्यांची धावपट्टी काढून दिली. सगळे मास्तर त्याच्यापुढे ओळीने वाकले. एवढी माणसं आपल्यासमोर वाकलेली विठ्ठलने जन्मात पाहिली नव्हती. त्या दिवसापासून मैदान त्याचं झालं. मास्तर बदलत गेले, हेडमास्तर बदलले, पण उंदोकाई आली की जो तो म्हणायचा, बितारू-सानला विचारा. विठ्ठलचं जपानी तोंडात बितारू झालं होतं, आणि सान म्हणजे आपलं 'राव'. दिवस संपला की मुलांना मिळतो तसा एक टॉवेल त्यालाही मिळायचा. असे सोळा टॉवेल त्याने पेटीत घडी घालून ठेवले होते आणि एकही वापरला नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नव्हती. तिथली जमीन म्हणजे भुसभुशीत वाळू, आणि पहाटे उत्तरेचा वारा सुटतो त्याला तिकडे शमाल म्हणतात. संध्याकाळी आखलेली फक्की त्या वाऱ्यापुढे टिकत नाही. म्हणून विठ्ठल उंदोकाईच्या पहाटे चारला उठायचा, एकटाच जाऊन कुलूप काढायचा आणि झाडांवर औषध मारायच्या पंपाने रेघांवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. पाणी जास्त झालं तर फक्की ओघळते, कमी झालं तर उडते. बरोबर पडलं की वाळताना तिचा पापुद्रा धरतो आणि मग वादळ आलं तरी ती जागची हलत नाही. मास्तरांना वाटायचं, हा फाटक उघडायला लवकर येतो. विठ्ठलने तसंच वाटू दिलं.

दीड वर्षापूर्वी त्याने आपल्या भाच्याला बहारीनला आणलं. सत्यवती त्याची धाकटी बहीण, तिचा हा एकुलता मुलगा संदेश. वय अठ्ठावीस, आयटीआय केलेला, नकाशे काढायला शिकलेला, पण गावात काम नाही. सत्यवतीने फोनवर नुसतं विचारलं, तर विठ्ठलने छाती पुढे काढून सांगितलं होतं, "पाठव. माझ्यासारखा तयार करतो." शाळेला देखभालीसाठी माणूस हवाच होता. व्हिसा झाला, संदेश आला, मामाच्याच खोलीत समोरच्या पलंगावर झोपू लागला. इथवर सगळं छान होतं.

मग पोटात दुखायला सुरुवात झाली. आधी बारीक बारीक. संदेश मोबाईलवर बघून जपानी शिकला आणि मुलांशी मोडकंतोडकं बोलू लागला. सोळा वर्षांत विठ्ठलला 'सुप्रभात' आणि 'सीटबेल्ट' यापलीकडे काही येत नव्हतं. मुलं व्हॅनमधून उतरली की पूर्वी विठ्ठलला टाळी द्यायची, आता 'संदेसू-सान' करत धावत सुटायची. खेळाचे नवे मास्तर कुराता सर जेवणाचा डबा घेऊन संदेशशेजारी बसायचे. विठ्ठल काचेतून बघायचा आणि डबा अर्धा टाकून हात धुवायचा. भाचा चांगला निघाला तर मामाला आनंद व्हायला हवा, हे त्यालाही कळत होतं. कळून काय उपयोग, होत नव्हता.

ऑक्टोबर संपता संपता कुराता सरांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस सांभाळणारी मेधा पुण्याची. तिला जपानी उत्तम यायचं, त्यामुळे अशा वेळी मधे तीच बसायची.

"काका, सर म्हणतायत," मेधा म्हणाली, "की एका कामाला दोन माणसं हवीत. उद्या तुम्ही सुट्टीवर असलात तर? म्हणून या वर्षी मैदान संदेशने आखायचं आणि तुम्ही त्याला शिकवायचं. सगळं क्रमवार लिहूनही ठेवायचं."

"लिहायचं काय त्यात?" विठ्ठल म्हणाला. "मी हाय ना."

मेधाने ते जपानीत सांगितलं. सर हसले, वाकले, आणि खणातून एक नवी टोपी काढून संदेशच्या हातात दिली. लाल-पांढरी, मुलांची असते तशीच, फक्त मोठ्या मापाची. मैदानाची जबाबदारी ज्याच्यावर त्याला टोपी, असं या वर्षीपासून ठरलं होतं म्हणे. सरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. सोळा टॉवेल एका पारड्यात आणि ती एक टोपी दुसऱ्या पारड्यात टाकून विठ्ठल तिथल्या तिथे मोकळा झाला. रात्री संदेशने ती खिळ्याला टांगली, तर हा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपला.

शिकवलं त्याने. खिळे कुठे, सुतळी किती, अर्धगोल कसा फिरवायचा, सगळं दाखवलं. संदेश एकेक गोष्ट वहीत उतरवून घ्यायचा, शेजारी आकृती काढायचा. आणि उंदोकाईच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, त्याने मोजायची फीत लावून कोपरे काटकोनात जुळवले आणि चाकाच्या डब्याने रेघा ओढल्या. विठ्ठल एका टोकाला बसून एक डोळा मिटून बघत राहिला. कुठे तरी वाकेल, कुठे तरी चुकेल. रेघ चुकली नाही. खरं सांगायचं तर विठ्ठलच्या रेघेपेक्षा ती सरळ होती, आणि ते ओळखण्याइतकी नजर साऱ्या शाळेत एकट्या विठ्ठलकडेच होती. त्याच्या छातीत कुणी तरी निखारा ठेवल्यासारखं झालं. विठ्ठल काम संपलं की आपले खिळे उपटून खिशात टाकायचा, दुसऱ्या कुणाला जागा कळू नये म्हणून. या पठ्ठ्याने खिळे तसेच ठेवले आणि वर लाल फिती बांधल्या.

हात झटकत संदेश आला. "मामा, आता आणखी काय राह्यलं?"

विठ्ठलने मैदानाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. संध्याकाळच्या वाऱ्याला धार होती.

"काय नाय," तो म्हणाला. "खलास."

शिष्याला शिकवताना हातचं राखणारे गुरू पूर्वीही होते आणि पुढेही होतील. पण ते निदान विद्या तरी राखतात. विठ्ठलने राखलं ते दोन बादल्या पाणी.

पहाटे चारला त्याला सवयीने जाग आली. खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत होता. समोर संदेश गाढ झोपला होता, वही उशाशी, टोपी खिळ्याला. अजून वेळ होती. व्हॅन काढली असती तर वीस मिनिटांत पोचला असता. विठ्ठलला आठवलं की पंप व्हॅनच्या मागेच आहे आणि फक्कीची एक जादा पिशवीही आपण कालच आत टाकून ठेवली आहे. ती का ठेवली, याचं उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. सकाळी रेघा गेलेल्या असतील, सगळे हवालदिल होतील, आणि म्हणतील, बितारू-सानला विचारा. त्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

साडेसहाला दोघं शाळेत पोचले. मैदान कोरं होतं. कुठे कुठे पांढरट डाग, बाकी सगळी वाळू. संदेश फाटकातच थांबला, मग मधोमध चालत गेला आणि खाली बसला. थोड्या वेळाने उठून भिंतीमागे जाऊन कुणाला तरी फोन करून आला. विठ्ठल व्हॅनला टेकून उभा राहिला. पिशवी मागे होतीच. आता कुणी तरी येईल.

कुणी आलं नाही. कुराता सरांनी मैदान पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि संदेशची वही मागून घेतली. वहीत मापं होती, जमिनीत लाल फितीचे खिळे होते. सरांनी शिट्टी फुंकली. चांगली जागा धरायला म्हणून लवकरच सतरंज्या घेऊन आलेले आईबाप उठले, मुलं आली, मुलं कमी म्हणून संघात भर घालायला बोलावलेली जपानी कंपन्यांची माणसं आली. प्रत्येक खिळ्याशी एक मूल उभं राहिलं आणि सुतळी हातोहात फिरली. हेडमास्तर स्वतः फक्कीचा डबा ढकलू लागले. एक लहानशी मुलगी विठ्ठलपाशी आली, सुतळीचं एक टोक तिने त्याच्या हातात दिलं आणि "प्लीज" म्हणून पळाली. मग सोळा वर्षं मैदानाचा मालक असलेला तो सगळ्यांसारखा एक टोक धरून वाकून उभा राहिला. पंचवीस मिनिटांत पट्टी तयार झाली. वळणावर चांगलीच डुगडुगीत होती, पण विठ्ठल सोडून कुणाच्या डोळ्याला ती खुपली नाही. पट्टी होईतो वाराही पडला होता आणि आठची उंदोकाई आठ मिनिटं उशिरा सुरू झाली.

दिवस झकास झाला, हेच विठ्ठलला सोसवेना. पियानोच्या तालावर लहानथोर सगळ्यांनी मिळून व्यायाम केला. कपाळाला पट्ट्या बांधलेल्या पोरांनी घसा फुटेपर्यंत घोषणा दिल्या. चेंडूंच्या खेळात दोन्ही टोपल्यांतले चेंडू एकेक करून वर उडवत सगळ्या मैदानाने मोठ्याने मोजले, आणि लाल टोपलीत शेवटी दोन उरले तेव्हा हरलेल्यांनीही टाळ्या वाजवल्या. रस्सीखेचीत मोठी माणसंही होती. विठ्ठल पांढऱ्यांत, समोर लालांच्या दोरीवर संदेश. विठ्ठलने अशी ताकद लावली की हाताची सालं निघाली. पांढरे जिंकले, संदेश तोंडावर आपटला आणि विठ्ठलला क्षणभर फार बरं वाटलं. लगेच दहा मुलं धावत जाऊन संदेशचे कपडे झटकू लागली आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

आवराआवरीही सगळ्यांनीच केली, हेडमास्तरांच्या हातातही फावडं होतं. त्यानंतर या लोकांची एक बैठक असते. जिंकलं-हरलं ते बाजूला, प्रत्येकाने उभं राहून आपलं काय चुकलं ते सांगायचं आणि पुढच्या वर्षासाठी ते लिहून ठेवायचं. सावलीत थंडगार चहाचे पेले फिरले. हेडमास्तर म्हणाले, माझं भाषण दोन मिनिटं लांबलं. एक मुलगा म्हणाला, मी लाल संघाचा आकडा चुकीचा पुकारला. मग संदेश उठला. पाठ केलेल्या जपानीत तो थांबत थांबत बोलला आणि कमरेत वाकला तो वर येईचना. मेधाने हळूच विठ्ठलला सांगितलं, "म्हणतोय, रेषा उडाल्या ती चूक फक्त माझी. मामांनी सगळं नीट शिकवलं होतं."

दोन-तीन आया डोळे पुसू लागल्या. कुराता सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. विठ्ठलच्या मत्सराची कमाल अशी, की भाच्याच्या वाट्याला आलेली ती कीवही त्याला स्वतःला हवी होती. त्याची पाळी आली तेव्हा तो अर्धवट उठला, दर वर्षीसारखं "ऑल ओके" म्हणाला आणि बसला. कुराता सरांनी फायलीत एक ओळ लिहिली. ओळीत काय आहे ते वाचता येत नसलं, तरी ती संदेशच्या नावावर गेली हे त्याला कळलं.

तीनच्या सुमाराला दोघं व्हॅनने खोलीकडे निघाले. टोपी संदेशने डोक्यावर घातली नव्हती, मांडीवर ठेवली होती. माहूजच्या अलीकडे तो बोलला.

"मामा, मी सकाळीच आईला फोन केला. सांगितलं, माझ्या हाताला गुण नाय. मामाचं नाव घालवलं. महिन्याभरात परत येतो म्हणालो. सरांना उद्या सांगणार हाय."

विठ्ठलने व्हॅन कडेला घेतली. दुकानाच्या सावलीत लावली, इंजिन बंद केलं. समोरच्या काचेवर वाळूचा थर होता आणि तो त्याकडे बघत राहिला. जावं की, असंच तर वाटत होतं ना तीन आठवडे? मग आता व्हॅन का थांबवली, हे त्याचं त्यालाच कळेना.

"लाव फोन आईला," तो म्हणाला.

"कशाला? ती रडतेय सकाळपासून."

"लाव म्हणतो ना."

संदेशने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मधल्या जागेवर ठेवला. पहिल्याच रिंगला सत्यवतीने उचलला. मामा बोलतोय म्हटल्यावर तिने विठ्ठलला तोंड उघडूच दिलं नाही.

"दादा, त्याला रागावू नको रे," ती म्हणाली. "पोर हाय, चुकलं त्याचं. तू जीव तोडून शिकवलंस, तो सांगत व्हता मला. पण तुझ्यासारखा हात सगळ्यांना कुठनं येणार? इथं अजून लोक म्हणतात, मैदान आखावं तर विठ्ठलानं. तू मोठा हायस, पदरात घे त्याला."

तीन आठवडे विठ्ठलला कुणाकडून तरी हेच ऐकायचं होतं. अगदी याच शब्दांत. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"हाताचं काय नाय, सत्या," तो म्हणाला. "त्याच्या रेघा माझ्यापेक्षा सरळ व्हत्या. आखल्यावर फक्कीवर पाणी मारावं लागतं, नायतर वाऱ्यानं उडते. ते मी त्याला सांगितलंच नाय."

संदेशने मान वळवून मामाकडे पाहिलं. गावाकडे कुणी तरी अंगणात भांडी घासत होतं, त्याचा आवाज फोनमधून येत होता.

"विसरलास?" सत्यवतीने विचारलं. विसरलो म्हण, असंच जणू ती सुचवत होती.

विठ्ठलने एकदा संदेशकडे पाहिलं.

"नाय गो," तो म्हणाला. "मुद्दाम."